पाणी पिऊन बसा

सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाकावर सकाळपासून एकच प्रश्न फिरत असतो, “लागली का?” काय लागली, असं कुणी उलट विचारत नाही. गर्भपिशवीची, मुतखड्याची किंवा पहिल्या महिन्यांतल्या बाळाची तपासणी करायची तर लघवीची पिशवी भरलेली लागते. यंत्रातून निघणारा आवाज माणसाच्या कानाच्या पार पलीकडचा. पाण्यातून तो सुखानं जातो, हवेशी गाठ पडली की तिथूनच माघारी फिरतो. भरलेली पिशवी वायूनं फुगलेली आतडी बाजूला सारते आणि मागचं दिसायला वाट करून देते. हे सगळं मी बाकावर समजावत बसत नाही. “चार-पाच ग्लास पाणी प्या, लघवीला जाऊ नका, जोरात लागली की हाक मारा,” एवढंच सांगते.

खेड्यावरून येणाऱ्या बाया घरून निघताना पाण्याचा घोट घेत नाहीत. सकाळची एसटी आणि स्टँडवरचं ते संडास. त्यापेक्षा तहान बरी. म्हणून गाडीतून उतरून माझ्यासमोर येणारी बाई कोरडी ठाक असते. मग बाटली. बाटली नसेल तर कूलर, आणि तोही चालू असेल तर. आयुष्यभर दाबून धरायला शिकलेल्या बायकांना मी ‘दाबून धरा’ म्हणून सांगायचं, हे मला अजून अंगवळणी पडलेलं नाही. त्यात कुणाची पिशवी भरत आली की नेमकं वॉर्डातून स्ट्रेचर येतं. पोटदुखीनं पांढरी फटक पडलेली पोरगी, गर्भ नळीत अडकल्याचा संशय. ती आधी जाते. बाकावरची बाई पाय एकमेकांवर घट्ट दाबत म्हणते, “जाऊ द्या तिला, मी धरते अजून.” सरकारी दवाखान्यातल्या भांडणांबद्दल पुष्कळ बोललं जातं. स्ट्रेचरला वाट देताना मात्र मी कुरकुर फारशी ऐकलेली नाही.

मी क्ष-किरण तंत्रज्ञ. एक्स-रे माझ्या हातचा. सोनोग्राफीच्या दिवशी प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं उपकरण, डॉक्टर सरांच्या हातात असतो, मी खोलीतलं बाकीचं सगळं. ब्रिटनमध्ये सोनोग्राफर म्हणून शिकलेली माणसं स्वतः प्रोब धरतात, रिपोर्टही लिहितात. आपल्याकडे गरोदर बाईची तपासणी कायद्यानं नोंदणीकृत, त्यासाठी पात्र असलेल्या डॉक्टरनंच करायची. यात कुणाच्या हाताच्या कसबावर शंका नाही. कारण वेगळं आहे, आणि ते दारावरच्या पाटीवर लिहिलेलं आहे: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.

तर माझ्याकडे जेल. पाच लिटरच्या कॅनमधून बाटलीत ओतायचं, थंडीच्या दिवसांत बाटली कोमट पाण्यात उभी करून ठेवायची, नाहीतर पोटावर पहिला थेंब पडताच बाई दचकते आणि सरांचा हातही हलतो. जेलचं कामही पाण्यासारखंच, प्रोब आणि कातडी यांच्यामधली हवा हटवायची. टिश्यू पेपरचा पुरवठा आला तर टिश्यू, नाहीतर कापलेल्या कापडाचे तुकडे, आणि तेही संपले तर बाई स्वतःच म्हणते, “राहू द्या मॅडम, पदर हाय की.” यंत्रामुळे या खोलीत एसी आहे, त्यामुळे उन्हाळ्यात आमच्याकडे काम निघणारे कर्मचारी वाढतात.

आणि माझ्याकडे फॉर्म एफ. गरोदर बाई टेबलावर चढण्याआधी हा भरावा लागतो. नाव, वय, पत्ता, कुणी पाठवलं, कशासाठी पाठवलं. त्यातच एक रकाना असतो: हयात मुलगे किती, त्यांची वयं, हयात मुली किती, त्यांची वयं. बाकी सगळं बाई भराभर सांगते, नवऱ्याचा मोबाइल नंबर तोंडपाठ असतो, पण इथं तिचा आवाज खाली येतो. “दोन मुलीच.” त्या ‘च’वर माझं पेन क्षणभर अडतं. सोबतची आजी असेल तर तीही तेव्हाच खोलीतल्या कॅलेंडरकडे बघू लागते. सोबत आशाताई असल्या तर त्या मुद्दाम ठणठणीत आवाजात मुलींची नावं आणि इयत्ता सांगतात. रकान्यात इयत्ता लिहायची नसते. मी ऐकून घेते.

मग प्रतिज्ञापत्र. सोनोग्राफी करून गर्भाचं लिंग जाणून घ्यायची माझी इच्छा नाही, अशा अर्थाचा तो मजकूर मी वाचून दाखवते आणि बाई सही करते किंवा अंगठा उठवते. अंगठ्याची शाई पुसायला भिंत, खुर्चीची कड, बहुतेकदा स्वतःचे केस. सरांनाही लिहून द्यावं लागतं की त्यांनी लिंग पाहिलं नाही आणि कुणाला सांगितलं नाही. सगळे फॉर्म पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या आत वर जातात, प्रती दोन वर्षं जपून ठेवायच्या. फॉर्ममध्ये चूक राहिली तर ती कारकुनी चूक म्हणून सोडून देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. डॉक्टर मंडळी यावर चिडतात. त्यांना होणारा जाच मला दिसतो, पण मी त्यांच्या बाजूनं नाही. जो गुन्हा बंद दाराआड, दोन्ही बाजूंच्या राजीखुशीनं होतो, त्याला कागदाशिवाय साक्षीदार कुठून आणायचा? महाराष्ट्रानं १९८८ मध्येच, देशाच्या आधी, गर्भलिंग निदान रोखणारा कायदा केला. देशाचा कायदा १९९४ चा, आणखी कडक झाला २००३ मध्ये. दरम्यान राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. बीडमध्ये ८०७. यंत्रं गावोगाव पोचली, त्याच काळातले हे आकडे आहेत.

कोल्हापुरात २०१० च्या सुमारास तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं उपकरण जोडायला लावलं होतं. प्रत्येक तपासणीची नोंद ते गुपचूप ठेवायचं. आमच्या खोलीतला सायलेंट ऑब्झर्व्हर म्हणजे मी.

मला कळतं का, असं कुणी विचारलं तर काय सांगू? इतकी वर्षं पडद्याशेजारी उभं राहिल्यावर डोळा तयार होतोच. म्हणून बाळाच्या मांड्यांकडे प्रोब वळला की मी कागद चाळू लागते. विचारणारे काही सरळ विचारत नाहीत. “सगळं चांगलं आहे ना?” यातल्या ‘चांगलं’वर कुठं जोर पडतो त्यावरून ओळखायचं. एकदा एका नवरोबानं बाहेर गाठून हसत विचारलं, “मॅडम, पेढे का बर्फी?” मी म्हटलं, शुगर तपासून घ्या आधी.

पडद्याचं म्हणाल तर तो दुसऱ्यांनी सांगितल्याशिवाय कळत नाही, पण आहे साधा. पाणी काळं. हाड पांढरं. खडा पांढराशुभ्र, आणि त्याच्यामागे बॅटरीच्या झोतात पडावी तशी लांब काळी सावली, कारण आवाज त्याच्या पुढे जाऊच शकत नाही. पाण्याची गाठ असेल तर उलटं, तिच्यामागे सगळं जास्तच उजळ. हे यंत्र मुळात माणसांसाठी नव्हतंच. १९५० च्या दशकात ग्लासगोचे इयान डोनाल्ड हे स्त्रीरोगतज्ज्ञ एका बॉयलर कारखान्यात गेले. धातूतल्या भेगा आवाजानं शोधणारं यंत्र तिथं होतं. त्याच्यावर त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी तपासून पाहिल्या. १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांत एक बाई होती. तिला कॅन्सर आहे आणि आता काही करता येणार नाही, असं ठरवून झालेलं होतं. यंत्रानं दाखवलं की पोटात पाण्याची मोठी गाठ आहे. ती काढली आणि बाई वाचली. भरीव की पाणी, एवढंच तर सांगितलं यंत्रानं.

मुतखड्यासाठी येणाऱ्या बाप्यांना फॉर्म एफ नसतो. एका शेतकरीबाबांचा सात मिलिमीटरचा खडा सरांनी पडद्यावर दाखवला. बाबा मान वळवून नीट बघत राहिले. म्हणाले, “एवढाच? ह्यानं रात्रभर लोळवलं मला?” त्यांचा चेहरा खरोखर पडला होता.

पण कधी पडद्यावर काहीच हलत नाही. जिथं हृदयाची फडफड दिसायला हवी, मिनिटाला एकशे वीस ते एकशे साठ, तिथं नुसताच आकार असतो. सर प्रोब तिथंच ठेवतात, बटण दाबतात, पुन्हा बघतात. बाईला पडदा दिसत नाही, सरांची पाठ दिसते, म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघते. मास्कचा इथं काही उपयोग नाही. बाया डोळे वाचतात. सांगायचं काम सरांचं आहे आणि ते नीट सांगतात, पण त्याआधीचं एखादं मिनिट माझ्याकडे असतं. त्या मिनिटात मी काहीतरी काम काढते. पोटावरचं जेल पुसते, नाडी सैल केलेली असते ती वर ओढून देते, विचारते, “बरोबर कोण आलंय?” त्या एका प्रश्नानंच काही जणींना कळतं. ओळखून त्या स्वतःच म्हणतात, “आई हाय बाहेर. तिला बोलवा, त्यांना नको.”

सर सुट्टीवर असले की यंत्रावर कापड असतं. मशीन आहे, वीज आहे, मी आहे, डॉक्टर नाहीत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईची ही तपासणी फुकट आहे, हे भिंतीवरच्या पोस्टरवर ठळक लिहिलेलं आहे, आणि त्या पोस्टरखाली उभी राहून मी सांगते, “पुढच्या आठवड्यात या.” पुढच्या आठवड्यात म्हणजे पुन्हा एक रोज बुडाला, पुन्हा एसटी. काही जणी खाजगीत जातात, उसने घेऊन. काही जातच नाहीत आणि थेट कळा सुरू झाल्यावर येतात. विसाव्या आठवड्याच्या आत बाळाचं व्यंग बघायचं असतं, ती वेळ निघून गेलेली असते. कायदा सैल करा, तंत्रज्ञांना करू द्या, असंही अधूनमधून कानावर येतं. मला प्रोब हातात घ्यायला आवडेल. पण आधी रेडिओलॉजिस्टच्या रिकाम्या जागा भरा, मग माझ्या हौसेचं बघू.

महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची गर्दी असते. आशाताई गटानं बाया घेऊन येतात, बाक पुरत नाही, व्हरांड्यात सतरंजी पडते. मागच्याच एका नऊ तारखेला एक पोरगी आली, तिसरी खेप. दोन मुली. वय बघून मी पुन्हा विचारलं, तर तेवढंच होतं. प्रतिज्ञापत्र वाचायला लागले तशी ती मधेच म्हणाली, “कळलं मला. मला नकोच हाय कळायला.” सही केली. सही करता येते, हे जरा दाखवतच केली. मग दाराकडे बघून हळू आवाजात, “मॅडम, एक काम करा ना. बाहेर सासूबाई हायत. इथं सांगत नाहीत, हे त्यांना जरा मोठ्यानं सांगा. मी सांगितलं तर म्हणतात, तूच विचारत नाहीस.”

इतकी वर्षं मी तो मजकूर वाचून दाखवत आले, एक अट म्हणून. तिला तो हवा होता, घरी न्यायला.

तपासणी झाली. सर म्हणाले, वाढ चांगली आहे, पाणी पुरेसं आहे. मी दार उघडलं, व्हरांडाभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “इथं मुलगा-मुलगी सांगत नाहीत. विचारलं तरी गुन्हा आहे. तीन वर्षांची कैद आहे.” सतरंजीवरच्या सगळ्या माना वर झाल्या. सासूबाई पिशवी सावरत उठल्या आणि म्हणाल्या, “अगं बाई, आम्ही कुठं काय विचारलं?”

“नाही ना विचारलं? मग घरीपण विचारू नका,” मी म्हटलं, आणि पुढचं नाव पुकारलं.