सायकलवरून कोकण किनारा

आमच्या मराठवाड्यात सायकलवरून शाळेत येणारी मुलगी आता नवलाची राहिलेली नाही. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून कितीतरी मुलींना सायकली मिळाल्या. मी अर्धवेळ शिकवते, त्यामुळे हे रोज पाहते. पण लग्न झालं की ती सायकल जाते धाकट्या भावाकडे, आणि आपल्या वाट्याला येते कुणाच्या तरी गाडीची मागची सीट! म्हणूनच पनवेलच्या वन्संनी, "चल, श्रीवर्धनहून रत्नागिरीपर्यंत सायकलनं जाऊ," असं सुचवलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. सासूबाईंना मात्र काळजी. "बायामाणसांनी का सायकलवर गावोगाव हिंडायचं?" पण लेकच बरोबर आहे म्हटल्यावर त्यांनी पाच दिवस स्वयंपाकघर हाती घेतलं.

मानवतला पाणी म्हणजे विहीर, बोअर नाही तर गोदामाई. त्यामुळे मला वाटलं होतं, किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट वाट नि बाजूला समुद्र. छे बाई! कोकणात डोंगर थेट समुद्रात पाय सोडून बसलेले. रस्ता एक सडा चढतो, उतरून खाडीशी येतो आणि पलीकडे पुन्हा चढ! पोलंडसारख्या देशात बाल्टिक समुद्राच्या काठानं सायकलींसाठी मार्ग आखून दिले आहेत. आपल्याकडे एस.टी. आणि ट्रक यांच्या कडेकडेनंच जायचं. चढ आला की आम्ही खुशाल उतरून सायकल ढकलत होतो. त्यात लाज कसली?

पहिल्या दिवशी हरिहरेश्वराचं दर्शन घेऊन बागमांडल्याला फेरीबोटीत बसलो. मोटारी, दुचाकी, माशांच्या पाट्या आणि आमच्या दोन सायकली, सगळ्यांचा एकच संसार. पलीकडे वेश्वीला उतरून मुक्काम केळशीला. दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीची चढण चढलो. वरून समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसला आणि पायांचा शीण गेला. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर माशांचा लिलाव पाहिला. लिलावात कोळणींचा आवाज असा खणखणीत, की कापसाच्या मोंढ्यातले आमचे व्यापारी गप्प बसावेत!

रात्री मुरुडला राहिलो. हे महर्षी कर्व्यांचं गाव. इथूनच ते मुलगेपणी परीक्षेसाठी साताऱ्याला पायी गेले, सुमारे ११० मैल! आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. पुढं १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा याच गावानं त्यांना वाळीत टाकलं. तरी १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलंच. आपण बी.ए. झालो ते अशा माणसांच्या चालण्यामुळे, हे तिथं फार जाणवलं.

तिसरा दिवस मोठा. दाभोळहून फेरीबोटीनं धोपाव्याला आणि तिथून गुहागर. दाभोळची ही बोट २००३ साली सुरू झाली. चौथ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी करून तवसाळहून जयगडला खाडी ओलांडली आणि मालगुंड गाठलं. इथं केशवसुतांचा जन्म झाला, त्यांचं स्मारक आहे. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून तिथून पाय निघेना. शेवटच्या दिवशी गणपतीपुळे, मग आरे-वारेचा समुद्र उजवीकडे ठेवून रत्नागिरी. एकूण सुमारे सव्वादोनशे किलोमीटर झाले.

कुणा भगिनीला जायचं असेल तर चार गोष्टी सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. आधी महिनाभर रोज पहाटे तासभर सायकल चालवा. पहाटे निघून अकराच्या आत निम्मं अंतर तोडावं, दुपारी सावलीत थांबावं. सलवार-कुर्ता बरा, पण ओढणी गाठ मारून ठेवावी, चाकात जाते. पंक्चरचं सामान जवळ हवं आणि ते वापरताही आलं पाहिजे. वन्सं ते काम झटक्यात करतात. फेरीबोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. मी नेलेले धपाटे दोन दिवस उत्तम टिकले. गूळ-शेंगदाणे शेवटपर्यंत पुरले. पुढं घरगुती खाणावळीत तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं नि सोलकढी मिळते. मुक्कामाच्या खोल्या मात्र आधी ठरवून ठेवाव्यात. परतताना रत्नागिरीहून कोकण रेल्वे आहे. सायकल स्टेशनच्या पार्सल ऑफिसात नोंदवावी लागते.

खाड्यांवर पूल बांधण्याची कामं निघाली आहेत. पूल झाले की गावकऱ्यांची सोय होईल, ते चांगलंच. पण बोटीतला तो पाव तास, सायकलला टेकून घेतलेला वारा आणि ओळख नसताना "कुठनं आलात गो?" म्हणून विचारणाऱ्या बायका मोटारीत बसून भेटायच्या नाहीत. तेव्हा माळ्यावरची सायकल खाली काढा. आधी नुसतं बाजारापर्यंत तरी जाऊन या!