झणझण

बेस गिटार ऐकणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. ती बंद पडली की मात्र सगळं गाणं पोकळ वाटू लागतं. माझा भाचा लग्नसराईत ऑर्केस्ट्रात हीच चार तारांची गिटार वाजवतो. गिटार जुनी आणि स्वस्तातली. चांगली नवी घ्यायची तर एका सीझनची कमाई त्यात जाते. म्हणून किन्हीराजात, घरीच, तिचे भाग बदलायचं ठरवलं. सोल्डरिंग गन माझ्याकडे होतीच.

वायरिंगचं फार नाही. खरखरणारे पॉट काढून 250 किलोओहमचे नवे बसवले, आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली, घोडीकडे जाणारी तुटलेली तार सांधली. विजेची 50 हर्ट्झची घूं घूं बरीच कमी झाली.

खरा वेळ खाल्ला तो नटाने. मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून खुंट्यांकडे जातात, ती पट्टी म्हणजे नट. आमचा प्लास्टिकचा, खाचा झिजून सपाट झालेल्या. मोकळी तार छेडली की सितारीसारखी झणझण. मी हाडाचा नट ऑनलाइन मागवला. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘बोन’. आजकाल आमच्यासारख्यांच्या घरी हाडाचं पार्सल आलं की पावतीही जपावी लागते. जपली आहे, गिटारच्या खोक्यातच.

खाच तारेच्या जाडीला बसेल इतकीच रुंद हवी आणि खुंट्यांच्या बाजूला किंचित उतरती, म्हणजे तार नेमकी पुढच्या कडेवरून सुटते. खाच सपाट राहिली तर थरथरणारी तार हाडाला घासत राहते. म्हणून कानस दोनदा फिरवायची, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. जास्त खोल गेलं की तुकडा वाया.

गंमत अशी की गिटारवाले ज्याला दोष म्हणतात, तीच झणझण मिरजेत मुद्दाम घडवतात. तिथली सितारमेकर घराणी मूळची शिकलगार, शस्त्रांना धार लावणारी मुसलमान मंडळी. एकोणिसाव्या शतकात ती तंतुवाद्यांकडे वळली. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा ते असा घासतात की तार त्याला हलकेच स्पर्श करत राहते. मग खाली सुताचा दोरा सरकवून आवाज उघडतात. ही जवारी. 2024 मध्ये मिरजेच्या सितारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं. पण कुठे थांबायचं हे त्या कारागिराचा कानच ठरवतो. आपल्याकडे मैफलीत गाणाऱ्याला दाद मिळते, तंबोरा लावून देणारा मागच्या दारी बसलेला असतो. याला ‘मिस्त्रीकाम’ म्हणणाऱ्यांनी एकदा कानस हातात धरून पाहावी.

तीन खाचा मी केल्या. चौथी, सगळ्यात जाड ई तारेची, भाच्याने केली. दीड तास लागला त्याला. तार छेडून म्हणाला, “मामू, झनझन गई!”

मग घोडीवरचे सॅडल. चौतीस इंच लांबीच्या तारेत बारावा पडदा जवळपास निम्म्यावर येतो. तिथे दाबलेला स्वर चढा लागला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. ट्रस रॉड पाव फेराच फिरवला. उन्हाळ्यात सुकलेली मान पावसाळ्यात पुन्हा हलेल, तेव्हा पाना त्यालाच देणार आहे.