पंधरा एप्रिलपर्यंत

अमेरिकेत विज्ञानातल्या पीएचडीला पैसे लागत नाहीत, असं एम.एस्सी.ला असताना ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं. ते खरंच आहे. फी माफ होते, वर महिन्याचा पगार मिळतो. पण ही सगळी सोय प्रवेश मिळाल्यानंतरची. तोवर किती लागतात याची बेरीज आप्पांनी केली, उसाच्या बिलांचा हिशोब ज्या वहीत असतो तिच्याच मागच्या पानावर.

२०२२ चा पावसाळा होता. मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत प्रोजेक्ट असोसिएट होते. नेट न झालेल्यांना महिना २५,००० रुपये आणि वर घरभाडं. एका विद्यापीठाच्या अर्जाची फी साधारण ७५ ते १०० डॉलर, परदेशी विद्यार्थ्यांना काही ठिकाणी त्याहून जास्त. डॉलर तेव्हा ८० च्या पुढे गेला होता. म्हणजे एका अर्जाला पगाराचा पाव हिस्सा सहज जायचा. इंग्रजीच्या परीक्षेचे पंधरा हजारांहून जास्त वेगळे. जीआरईचे तेवढे वाचले. २०१८ च्या सुमारापासून जीवशास्त्राचे विभाग एकेक करून ती परीक्षा मागेनासे झाले होते आणि कोविडनं बऱ्याच उरलेल्यांनाही ती सोडायला लावली.

अर्जाची फी माफ करून मिळते, पण नियम वाचले की पुष्कळ ठिकाणी ती माफी अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच असते. तरी मी विचारत सुटले. प्रत्येक विभागात ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटर असतो. हा माणूस सहसा प्राध्यापक नसतो, म्हणून आपली मुलं त्याला कधी लिहीत नाहीत. मोठ्या नावाच्या प्राध्यापकांना मात्र लांबलचक मेल पाठवत बसतात. माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी माणसं म्हणजे हे कोऑर्डिनेटरच. मी काय काम करते, महिन्याला किती मिळतात, फी माफ होईल का, एवढंच लिहायचे. काहींनी नियम कळवला, काहींनी उत्तर दिलं नाही, आणि काहींनी दुसऱ्याच दिवशी माफीचा कोड पाठवला.

शिफारसपत्रांची तऱ्हा आपल्याकडे निराळी. 'तूच लिहून आण, मी सही करतो,' असं सर प्रेमानंच म्हणतात. त्यात कामचुकारपणा असतोच असं नाही. पत्र म्हणजे दाखला, अशीच सवय असते. तिकडे ते पत्र बारकाईनं वाचलं जातं. तीन पत्रांची भाषा एकसारखी निघाली तर ती कुणी लिहिली हे लगेच कळतं. सरांना नाही कसं म्हणायचं, हा प्रश्न होता. मग मी पत्राऐवजी त्यांना एक कागद लिहून दिला: कोणता प्रयोग कधी केला, कुठे अडला, त्यावर सर काय बोलले होते. तो वाचून त्यांना आणखी दोन गोष्टी आठवल्या, ज्या मी विसरून गेले होते. पुढचा अडथळा असा की पोर्टलना संस्थेचाच ईमेल लागतो आणि सरांचा तो पत्ता कित्येक वर्षं बंद पडलेला. तो चालू करून घेण्यात एक अख्खी दुपार गेली.

अर्जासोबतचं उद्देशपत्र लिहिताना मला माझी जमीन कामाला आली. आमचं गाव मिरज तालुक्यात, कृष्णाकाठी. नदीचं पाणी उचलून वर्षानुवर्षं उसाला पाट सोडले, निचऱ्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि सांगली-कोल्हापूरच्या या पट्ट्यात हजारो एकर काळी जमीन क्षारपड झाली. आमचा मळीचा तुकडा त्यातलाच. उन्हाळ्यात वर पांढरी खार फुटते. पुण्यात मी करत होते ते काम अशाच मातीतल्या जीवाणूंवरचं. खारट जमिनीत रोपावर ताण आला की ते इथिलीन जास्त तयार करतं आणि मुळं खुंटतात. मुळांशी राहणारे काही जीवाणू एका विकराच्या जोरावर ते इथिलीन कमी करतात. पुण्यात ज्यांच्याकडे काम करत होते त्या मॅडमनी मसुदा वाचून विचारलं, 'यात तुमचं शेत कुठाय?' शेत घातलं, आणि पत्र माझं झालं. ग्रुपांवर फिरणारी नमुना-पत्रं 'लहानपणापासून विज्ञानाची आवड' अशी सुरू होतात. निवड समितीवरची माणसं ते वाक्य किती वेळा वाचत असतील कुणास ठाऊक.

अर्जांच्या तारखा बहुतेक १ आणि १५ डिसेंबरच्या. मुलाखतीची बोलावणी जानेवारीत आली. तिकडच्या मुलांना विभाग विमानाचं तिकीट काढून दोन दिवस बोलावतो, जेवू घालतो, प्रयोगशाळा दाखवतो. आम्हाला झूम. हिवाळ्यात शिकागोच्या वेळेत आणि आपल्या वेळेत साडेअकरा तासांचं अंतर असतं. त्यांची सकाळी नऊची पहिली मुलाखत माझी रात्री साडेआठला, आणि शेवटची संपेस्तोवर मध्यरात्र उलटलेली. माझ्या खोलीवर नेट धड चालत नव्हतं, म्हणून मॅडमनी संस्थेची छोटी मीटिंगची खोली रात्रभरासाठी मागून घेतली. वॉचमन मामा मधूनमधून काचेतून डोकावून जायचे. दीडच्या सुमाराला त्यांनी थर्मासमधला चहा आणून दिला आणि विचारलं, 'एवढ्या रात्री कसली परीक्षा?'

परीक्षा म्हणावी तर तशी ती नव्हती. तोंडी परीक्षेत समोरचा विचारतो, आपण पाठ केलेलं म्हणतो आणि 'येस सर' म्हणून बाहेर पडतो. इथे अर्ध्या अर्ध्या तासाच्या चार-पाच गप्पा, दर वेळी नवा प्राध्यापक. जीवाणूंनी रोप वाचवलं ते त्या विकरामुळेच, हे कशावरून, असं एकीनं विचारलं. दुसरंही कारण असू शकेल ना? असू शकेल, मी म्हटलं. त्या विकराचा जनुक काढून टाकलेला जीवाणू शेजारी लावून बघायला हवा, तो आम्ही अजून बनवलेला नाही, आणि मला तेच करायचंय. ती खूश झाल्यासारखी वाटली. 'करायचंय' यावरच पुढची वीस मिनिटं गेली.

खरी गंमत एका मृदाशास्त्रज्ञानं आणली. तो म्हणाला, 'निचरा नीट केला तर क्षार वाहून जातील. मग तुझ्या जीवाणूंची गरज काय?' प्रश्न रास्त होता, आणि उत्तर मला पेपरात शोधावं लागलं नाही. मी त्याला गावची गोष्ट सांगितली. आमच्याकडे जमिनीखाली भोकं पाडलेले पाइप घालून निचरा करतात, त्याला सच्छिद्र निचरा प्रणाली म्हणतात; जवळच कसबे डिग्रजला कृषी संशोधन केंद्र आहे, तिथे यावर कामही झालंय. पण पाण्याला बाहेर पडायला नाला लागतो. तो चार भावकींच्या बांधांवरून जातो. एकानं नाही म्हटलं की सगळ्यांचं पाणी अडतं. शिवाय खर्च एकट्या शेतकऱ्याला पेलणारा नाही. जीवाणू क्षार काढणार नाहीत, हे मला मान्य आहे. निचरा होईपर्यंत पीक जगवतील का, एवढाच माझा प्रश्न आहे. तो हसला आणि भावकी म्हणजे काय ते समजावून घेत बसला.

शेवटी प्रत्येक जण विचारतो, 'तुला काय विचारायचंय?' मी दर वेळी पैशांचं विचारलं: तुमच्याकडच्या परदेशी विद्यार्थ्याचा पगार नेमका कुठून निघतो? आपल्याला हे विचारणं हावरटपणाचं वाटतं. त्यांना वाटलं नाही. उलट एका प्राध्यापकानं सगळं उलगडून सांगितलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची विद्यार्थी घडवण्यासाठीची जी प्रशिक्षण-अनुदानं विभागांना मिळतात, ती फक्त नागरिकांवर आणि कायम रहिवाशांवर खर्च करता येतात. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानची पदवीधरांसाठीची मोठी फेलोशिपही त्यांनाच. परदेशी मुलाचा पगार मग मुख्यतः दोन वाटांनी येतो: पदवीच्या मुलांना शिकवून, नाहीतर एखाद्या प्राध्यापकाच्या स्वतःच्या अनुदानातून. त्यात सरकारी विद्यापीठात परराज्यातल्यांची फी जास्त, ती भरायची तर प्राध्यापकाच्या अनुदानावर आणखी ताण. म्हणून परदेशी मुलांच्या जागा मोजक्या. नकार आला की आपण आपल्या गुणांत खोट शोधतो; पुष्कळदा खोट खात्यातल्या शिलकीत असते.

फेब्रुवारीच्या शेवटी नकारांच्या रांगेत दोन होकार आले. एक किनाऱ्यावरच्या महागड्या शहरातला, एक मिडवेस्टमधल्या सरकारी विद्यापीठाचा. पहिल्याचा आकडा मोठा. आप्पा म्हणाले, 'खरेदीखतासारखं वाच. चतुःसीमा बघ.' तसंच वाचलं. मोठा आकडा नऊ महिन्यांचा निघाला, उन्हाळ्याचं 'उपलब्धतेनुसार'. फी माफ, पण विद्यापीठाची इतर शुल्कं आपली. आरोग्यविम्याचा काही भाग आपला. खोलीचं भाडं पगाराच्या निम्म्याहून जास्त. दुसऱ्याचा आकडा लहान, पण बारा महिन्यांचा, विमा धरून, पाच वर्षांची हमी, आणि बदल्यात आठवड्याला वीस तास काम. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, म्हणजे वरकड कमवून भागवू हा विचारच सोडायचा. मी लहान आकडा घेतला.

घेण्याआधी एक ताण झाला. महागड्या शहरातल्या विभागानं आठवड्यात उत्तर मागितलं. मिडवेस्टच्या प्राध्यापिकेशी माझं बोलणं अजून व्हायचं होतं. तेव्हा टेक्सासमधल्या एका सीनियर ताईनं मला पंधरा एप्रिलचा ठराव दाखवला. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संघटनेच्या या ठरावावर अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या सह्या आहेत. आर्थिक मदतीसह प्रवेश देऊ केलेल्या विद्यार्थ्यावर १५ एप्रिलच्या आत उत्तर देण्याची सक्ती नाही, असं तो म्हणतो. विद्यापीठाचं नाव यादीत होतं. मी नम्रपणे तेवढंच लिहिलं. 'अर्थातच, सावकाश कळवा,' असं उत्तर आलं. आठवड्याच्या मुदतीचा पुन्हा उल्लेखही झाला नाही.

व्हिसाचं लवकर उरकलं. व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या आय-२० फॉर्मवर विद्यापीठाचीच रक्कम दिसत होती, त्यामुळे बँकेचे कागद फारसे लागले नाहीत. सेविस या विद्यार्थी-नोंदणीची फी ३५० डॉलर, मुंबईला जाणं-येणं, बीकेसीतली रांग, दोन-तीन प्रश्न, झालं.

पैशांचा शेवटचा खड्डा मात्र ऑगस्टमध्ये असतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. पगार सुरू होतो सत्राबरोबर, हातात पडतो सप्टेंबरच्या शेवटी. त्याआधी विमान, खोलीची अनामत, पहिलं भाडं, गादी, भांडी. पीएचडीला पगार असल्यानं शैक्षणिक कर्जाचा विचार आम्ही केला नव्हता. चौकशी केली तर मोठ्या रकमेला तारण हवं, आणि शेतजमीन, तीही क्षारपड, तारण म्हणून बँकेला नको. मग जे. एन. टाटा एन्डोमेंटची कर्जाऊ शिष्यवृत्ती आणि आईच्या पाटल्या, असं जमवलं. ही एन्डोमेंट १८९२ ची. पहिल्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, हे वाचून आईला पाटल्या दिल्याचं जरा बरं वाटलं असावं. आप्पांनी बाबासाहेबांचा दाखला काढला. १९१३ साली ते कोलंबियाला गेले ते बडोदे संस्थानाच्या महिना साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायच्या करारावर. पैसे कुणाचे आणि बदल्यात काय द्यायचं, हे तेव्हाही कागदावर होतं.

माझ्या बदल्यात आठवड्याला वीस तास आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्राचं प्रात्यक्षिक शिकवायचं, वह्या तपासायच्या. त्याआधी इंग्रजी बोलण्याची वेगळी चाचणी झाली. गावाकडे लोक अजून 'स्कॉलरशिपवर गेली' म्हणतात. ते पैसे मी कमावते, त्यावर कर भरते. (भारत-अमेरिका कर-करारातल्या २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला तिथली प्रमाणित वजावट घेता येते. पहिल्या वर्षी विवरणपत्र भरताना हे विसरू नका.)

आता मुलाखतीच्या मोसमात आम्ही जुने विद्यार्थी नव्या उमेदवारांशी बोलतो. २०२५ मध्ये चित्र बिघडलं. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या संशोधन-निधीला कात्री लागली, काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, कुठे कुठे तर दिलेले प्रवेश मागे घेतले. त्याच वर्षी मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं काही आठवडे थांबलं होतं. म्हणून अर्ज करणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच: फी भरण्याआधी कोऑर्डिनेटरला विचारा, यंदा परदेशी विद्यार्थी घेणार आहात का, आणि किती. होकार आला तर नऊ महिने की बारा, विमा कुणाकडे, प्राध्यापकाचं अनुदान संपलं तर पगार कोण देणार, हे लेखी मागा. आणि मागताना लाजू नका. तिकडे कुणी वाईट वाटून घेत नाही.