बुरशीचे वावडे



पावसाळा लागला की आपल्या घरांत दोन पाहुणे न बोलावता येतात. एक भिंतीवर मुक्काम करतो, दुसरा छातीत. भिंतीवरचा पाहुणा म्हणजे काळपट हिरवी बुरशी आणि छातीतला म्हणजे महिनोन्महिने न हटणारा खोकला. हे दोघे पुष्कळदा एकाच कुळातले असतात, ही गोष्ट मात्र सहसा आपल्या ध्यानी येत नाही. आमच्या घरी ती कशी ध्यानी आली, ते आपणापुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू.

माझे थोरले बंधू नोकरीनिमित्त हैदराबादेत सुलतान बाजारातील एका जुन्या घरात राहत. हा भाग पूर्वी इंग्रज रेसिडेंटाच्या ताब्यातील रेसिडेन्सी बाजार. १९३३ साली तो निजामाकडे परत गेला आणि सुलतान बाजार म्हणून ओळखला जाऊ लागला. १९०१ साली स्थापन झालेले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय याच भागात आहे, आणि केशवराव कोरटकरांच्या पिढीने उभी केलेली विवेकवर्धिनी ही मराठी मंडळींची शाळाही तेथून दूर नाही. शेजारीच कोठीला जुन्या पुस्तकांची दुकाने. अशा ठिकाणी दादांसारख्या वाचनवेड्या माणसाचे दुसरे काय व्हायचे? पाच-सहा वर्षांत त्यांची मागची खोली जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांनी भरली. त्या खोलीची एक भिंत न्हाणीघराला लागून होती आणि ती बारा महिने सर्द असे.

२०१८ च्या पावसाळ्यात दादांना खोकला जडला. सकाळी एकामागून एक शिंका, नाकातून पाण्यासारखी धार, डोळ्यांना खाज आणि रात्री छातीत घरघर. ताप नव्हता. एक महिना गेला, दोन गेले. गल्लीत कुजबूज सुरू झाली आणि जुना खोकला म्हटला की आपल्याकडे जो शब्द ओठांवर येतो तोच आला: क्षय. त्याच सुमारास पुतणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. शेजारच्या एका घरी दादांसाठी चहाचा पेला वेगळा ठेवू लागले. दादा काही बोलले नाहीत, पण त्या घरी जाणे त्यांनी सोडले. क्षय ही काही लाज बाळगण्याची गोष्ट नव्हे. योग्य औषधे पूर्ण काळ घेतली तर तो बरा होतो. तरीही खोकल्यापेक्षा त्या वेगळ्या पेल्याचीच व्यथा दादांना अधिक झाली. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. क्षय नव्हता. मग होते तरी काय?

नाताळला दादा आमच्या वसईकडच्या गावी आले आणि चार दिवसांत खोकला पळाला. शहराचा धूर, दुसरे काय, असे म्हणून आईने समाधान मानले. परंतु २०१९ च्या ऑगस्टात ते पुन्हा आले, तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता आणि माळ्यावरचा ओला पेंढा कुबट वास मारीत होता. त्या रात्री दादांना उठून बसावे लागले. गावात तर धूर नव्हता!

आमच्या वहिनी शाळेत शिकवितात. त्यांनी त्या दिवसापासून एका वहीत टिपण ठेवण्यास आरंभ केला: त्रास कोणत्या वेळी, कोणत्या खोलीत, हवा कोरडी की ओली. दीड महिन्यात ती वही बोलू लागली. कचेरीत त्रास नाही. मागच्या खोलीत तासभर बसले की हटकून होतो. पाऊस उघडला की कमी होतो. वही घेऊन दोघे ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेले.

ॲलर्जी म्हणजे वावडे. हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या डॉक्टरांनी घडविला. जी वस्तू दहा जणांना काहीच करीत नाही, तिला एखाद्याचे शरीर शत्रू समजते आणि तिच्याशी झुंज मांडते. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेतून सर्वांच्याच नाकात जातात, परंतु वावडे असलेल्यालाच शिंका व दम लागतो. बुरशीच्या एका जातीचे नाव आपणांस विशेष वाटेल. १७२९ साली मिकेली नावाच्या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाला तिचा आकार देवळात आशीर्वादित पाणी शिंपडण्याच्या साधनासारखा दिसला. लॅटिन भाषेतील त्या साधनाच्या नावावरून त्याने तिला ॲस्परजिलस म्हटले. ते साधन थेंब शिंपडते, ही बुरशी बीजाणू शिंपडते!

चाचणी अगदी साधी होती. वावड्यावरच्या गोळ्यांनी उत्तर खोटे येते, म्हणून डॉक्टरांनी त्या आठवडाभर आधी बंद करविल्या. मग हाताच्या आतल्या बाजूस निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून प्रत्येक थेंबातून त्वचेला बारीक टोचले. त्यांत एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा होता, तेथे काही उठू नये. एक हिस्टामिनचा होता, तेथे गांधी उठलीच पाहिजे. या दोहोंवरून बाकीच्यांची पारख करावयाची. पंधरा-वीस मिनिटांनी गांध्या मोजल्या. मिठाच्या पाण्याच्या जागेपेक्षा तीन मिलिमीटर किंवा अधिक मोठी गांधी म्हणजे होकार. दादांच्या हातावर ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या दोन बुरशांनी होकार दिला. ज्यांना त्वचेचा विकार आहे किंवा ज्यांची औषधे थांबविता येत नाहीत, त्यांच्यासाठी रक्ताची तपासणी असते.

येथे डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. नुसत्या गांधीवरून रोग ठरत नाही. गांधी उठूनही आयुष्यभर त्रास न होणारी माणसे असतात. त्वचा सांगते की वावडे असू शकेल, पण आजार त्यामुळेच आहे की नाही, हे त्रासाचा काळ आणि स्थळ सांगतात. म्हणून सुईइतकीच वहिनींची वही कामाची ठरली. लघवीतील बुरशीचे विष मोजून देतो म्हणणाऱ्या महागड्या तपासण्या वावडे ओळखण्याच्या कामी येत नाहीत. त्यांवर पैसा घालवू नये.

पुढे न्हाणीघराची गळती दुरुस्त झाली, भिंतीचे पोपडे खरवडून तिला नवा गिलावा झाला. भिजून कुजलेली पुस्तके टाकून दिली, उरलेली उन्हात वाळवून पुसली. हे काम पुतण्याने नाकातोंडाला मास्क बांधून केले, कारण ज्याला वावडे आहे त्याने बुरशी झाडू नये. नाकातील फवारा आणि दम्याचा पंप यांनी बाकीचे काम केले.

पुढे मे २०२१ मध्ये कोठीचे सरकारी कान-नाक-घसा रुग्णालय काळ्या बुरशीच्या रोग्यांचे मुख्य केंद्र झाले, तेव्हा वहिनींचा घाबरा फोन आला. तो आजार वेगळा. साध्या वावड्यात बुरशी शरीरात वाढत नाही. त्या आजारात ती वाढते आणि तीही मुख्यत्वे ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती खचली आहे त्यांच्यात. चेहऱ्याची एक बाजू दुखणे वा सुजणे, दृष्टी अंधूक होणे, टाळूवर काळा डाग दिसणे, असे झाल्यास तासाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

शेतकरी कुटुंबांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. बुरसलेला पेंढा किंवा गवत हलविल्यावर चार ते आठ तासांनी थंडी-ताप येऊन दम लागत असेल, तर तो नेहमीचा हिवताप असेलच असे नाही. डॉक्टरांना पेंढ्याचे काम अवश्य सांगावे. दमेकऱ्याच्या खोकल्यातून तपकिरी गठळ्या पडत असतील, तर ॲस्परजिलससाठी रक्त तपासून घ्यावे. आपल्या देशात अशा रोग्यांना क्षयाची औषधे विनाकारण दिली गेल्याची उदाहरणे आहेत. मात्र दोन आठवड्यांवरचा खोकला, ताप, वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त ही लक्षणे असतील तर आधी क्षयाचीच तपासणी करावी.

वाचकहो, बुरशीला ओल लागते. ओल गेली की तीही जाते. पावसापूर्वी कौले चाळावीत, माळ्यावर वाळलेलाच पेंढा चढवावा, कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे, ऊन पडेल त्या दिवशी खिडक्या उघडाव्यात. आणि घरात कोणाचा खोकला लांबलाच, तर त्याचा पेला वेगळा करण्याआधी त्याच्यासाठी एक वही करावी. ती कदाचित औषधाचा रस्ता दाखवील.