चोरून जपलेलं गाणं

अल्लादियाखाँसाहेबांचं गाणं आज कुणालाच ऐकता येत नाही. हिंदुस्थानात गायिका गौहरजानचं गाणं तबकडीसाठी मुद्रित झालं १९०२ साली आणि खाँसाहेब गेले १९४६ साली, मुंबईत. मधली इतकी वर्षं यंत्र होतं, गळाही होता. पण मागे एकही तबकडी राहिली नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या तबकड्या तरी आहेत. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळातसुद्धा गेली. पण त्या काही मिनिटांत बाई राग कसा मांडत गेल्या असतील, याचा पत्ता लागत नाही. तो लागतो मैफलींच्या खासगी मुद्रणांवरून. ती सहसा बाजारात आली नाहीत. रसिकांच्या हातून हातात फिरत राहिली, बहुतेक वेळा कुणालाही न विचारता.

केसरबाईच नव्हे, त्या पिढीतल्या अनेकांची अशी मुद्रणं फिरतात. चोरून केलेलं मुद्रण कानाला लगेच कळतं. गायकापेक्षा शेजारच्या श्रोत्याची दाद मोठी येते, कारण टेपरेकॉर्डर त्याच्याच पिशवीत असतो. मध्येच कपबशी वाजते, कुणाला ठसका लागतो. पंचेचाळीस मिनिटांनी बाजू संपते आणि कॅसेट उलटेपर्यंत एक-दोन आवर्तनं कायमची जातात. त्यात नेमकी एखादी जीवघेणी सम असणार, अशी माझी पक्की समजूत आहे. कव्हरवर निळ्या शाईत लिहिलेलं असतं : मुलतानी, दुसरी बाजू शेवटी खराब.

याला चोरी म्हणायचं का?

कंपन्यांनी काढलेल्या आणि मग विसरून गेलेल्या कॅसेटींपुरतं माझं उत्तर सरळ आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं चालतो. म्हणजे १९८५ सालची कॅसेट मोकळी होणार २०४६च्या जानेवारीत. तोवर फीत थांबते थोडीच! आजच काही कॅसेटींना पांढरी बुरशी आलेली असते, आणि लावली की हेडवर तपकिरी भुकटी उरते. कापसाला स्पिरिट लावून ती पुसताना आपण गाणंच पुसतोय असं वाटतं. कायद्यात वाट नाही असं नाही. मालक पुन्हा काढायला तयार नसेल तर सक्तीचा परवाना मागता येतो. मालकाचा ठावठिकाणा लागत नसेल तर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन अर्ज करता येतो. पण एका मुलतानीसाठी वकील कोण लावणार? जी वस्तू मालकच विकत नाही, तिची प्रत काढल्याने त्याचा गल्ला कमी होत नाही. अशी प्रत मी घेतो आणि देतोही. ती कॅसेट उद्या रीतसर विकायला आली तर मात्र विकत घ्यायची आणि वाटणं बंद करायचं. फुकटची सवय लागली की हा दुसरा भाग सोयीस्कर विसरला जातो.

खरा पेच मैफलींचा आहे. तिथे ‘नको’ म्हणणारी कंपनी नसते, गाणारा माणूस असतो. आवाज लागला नाही, पेटीवाल्याशी जमलं नाही, श्रोते थंड होते. अशा दिवसाचं गाणं मागे राहू नये असं कलावंताला वाटणं रास्तच आहे. आपल्या कायद्याने कलावंताला सादरीकरणाचा हक्क दिला तो १९९४च्या दुरुस्तीने. त्याआधीच्या मैफलींत आधार होता तो फक्त श्रोत्याच्या सभ्यतेचा. आणि ती सभ्यता पाळली गेली असती तर आज आपल्याकडे ऐकायला फारच थोडं उरलं असतं, हेही खरं. या दोन गोष्टींचा मेळ मला बसवता आलेला नाही. तरी एवढं ठरवलंय : गाणारा हयात असताना त्याचा नकार अखेरचा. त्याच्यामागे, मुद्रण जपायला कुणाची परवानगी नको. पण चारचौघांत सोडायचं तर घरच्यांना विचारावं. ते नाही म्हणाले तर जपत बसावं.

ज्यांना माफी नाही अशीही एक जमात आहे. दुसऱ्याने जिवापाड सांभाळलेलं मुद्रण यूट्यूबवर चढवायचं, आलापाच्या मधोमध स्वतःच्या चॅनेलचं नाव घुसडायचं आणि वर जाहिराती लावायच्या. शिवाय तबल्यावर आणि पेटीवर कोण होतं ते लिहायचंच नाही. साथीदाराला त्या रात्री बिदागी मिळाली असेल तेवढीच. पुढच्या प्रतींत त्याचा वाटा होता तो फक्त नावाचा, तोही यांनी पुसला. कॅसेटवर निळ्या शाईत लिहिणाऱ्या त्या माणसापेक्षा मला हेच चोर वाटतात.

तुमच्या घरी माळ्यावर अशा कॅसेटींचं एखादं खोकं असेल तर रद्दीत घालू नका. ओळखीतल्या जाणकाराकडून कॅसेटी संगणकावर उतरवून घ्या. आणि ज्यांनी त्या मैफली ऐकल्या ते आजोबा-आजी अजून सांगू शकत असतील तर आजच विचारून लिहून ठेवा : गाव कोणतं, साल कोणतं, आणि साथीला कोण होतं.