फ्लेकेनश्टाइन: कातळात राहणारी माणसं

झाडी संपली आणि समोर लालसर वालुकाश्माची उभी भिंत आली. शंभरेक मीटर लांब, चाळीसेक मीटर उंच, रुंदी मात्र दहा मीटरही नाही. एखादं जहाज रानात येऊन रुतावं तशी. आणि त्या कातळाला चक्क खिडक्या!

फ्रान्सच्या अल्सास प्रांतात, जर्मनीच्या सीमेला खेटून हा फ्लेकेनश्टाइन किल्ला उभा आहे. बाराव्या शतकात त्याचं नाव कागदोपत्री येतं. त्याच नावाच्या सरदार घराण्याने इथे पिढ्यान्‌पिढ्या तळ ठोकला. स्पायरच्या बिशपला त्यांनी इथे कैदेत ठेवलं, तेव्हा त्याला सोडवायला १२७६ मध्ये खुद्द जर्मन राजा रुडॉल्फला वेढा घालावा लागला. शिरजोर मंडळी!

आत शिरल्यावर मी अवाक झालो. जिने कातळात, खोल्या कातळात, पाण्याचं टाकंही कातळातच. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. भिंतीवर हात फिरवला की छिन्नीचे तिरपे घाव बोटांना लागतात आणि तळहातावर गुलाबी वाळू उतरते. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात एक टाकं खोदायचं तर दमछाक. हा दगड त्यामानाने मऊ, म्हणून इतकी हौस परवडली असावी. बाहेरच्या अंगाला ओळीने चौकोनी खोबण्या दिसतात. त्यांत तुळया बसवून कातळाला लाकडी मजले टेकवलेले असत. पाण्यासाठी कातळाला बिलगून विहिरीचा बुरूज बांधलेला. माणसांनी आत चालून फिरवायच्या मोठ्या लाकडी चाकाने पाणी वर चढवत.

१६८० मध्ये चौदाव्या लुईच्या फौजेने किल्ला उद्ध्वस्त केला. माथ्यावरच्या वाड्याच्या आता मोडक्या भिंती तेवढ्या राहिल्यात. पण रचलेलं पाडता येतं, कोरलेलं कसं पाडणार? खालच्या खोल्या जागच्या जागी आहेत. म्हणूनच कुठल्याही डागडुजी केलेल्या, रंगवलेल्या युरोपीय राजवाड्यापेक्षा मला हे अवशेष जास्त खरे वाटले.

तिकडे गेलात तर किल्ला पाहून लगेच गाडीत बसू नका. पलीकडच्या टेकड्यांवर लोव्हेनश्टाइन, होहेनबुर्ग आणि वेगेलनबुर्ग हे आणखी तीन पडके किल्ले आहेत. शेवटचा जर्मनीत आहे, आणि तिथवर जंगलातून पायी जाता येतं.