शिळा कागद

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे कागदावर लिहिलेले ते खरे, अशी माझी लहानपणापासूनची श्रद्धा. गेल्या उन्हाळ्यात या श्रद्धेला तडा गेला.

सुट्टीत मी तालुक्याच्या गावी एका लहानशा संगणक कार्यालयात कामाला होतो. तिथे दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर तयार होई. दर कसा लावायचा, कपात किती करायची, हे आधी मागणीपत्रात लिहीत आणि त्यावरून प्रोग्रॅम बने. मी मराठीचा विद्यार्थी, म्हणून मागणीपत्रे नीट ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. एकदा साहेब म्हणाले, "कपातीचा नियम बदललाय. प्रोग्रॅम मी दुरुस्त केलाय; तू विचारून कागदावर घाल." मी "हो सर" म्हटले आणि विसरलो.

महिन्याभराने घरी आलो. संध्याकाळी आण्णांच्या दुधाची पावती पाहिली. फॅट ३.३, म्हणजे ३.५ पेक्षा दोन पॉइंट कमी. आठ लिटरला सोळा रुपये कापलेले! माझे डोके तापले. मागणीपत्राची प्रत घेऊन मी केंद्रावर गेलो. "काका, इथे स्पष्ट लिहिलंय. पॉइंटला तीस पैसे!" सेक्रेटरींनी शांतपणे ठरावाची वही उघडली. "मागच्या महिन्यात रुपया झाला, बाळा. यंत्र बरोबर आहे. तुझा कागदच शिळा आहे." रांगेतली माणसे हसली. आण्णांनी खाली मान घालून कॅन उचलला.

वाटेत त्यांनी विचारले, "कागद कोण लिहितं?"

"मीच."

"मग चरवी न घासता त्यात ताजं दूध ओतलंस की."

पुढे एरियन ५ या युरोपीय अग्निबाणाविषयी वाचले. ४ जून १९९६ रोजी तो सुमारे चाळीस सेकंदांतच नष्ट झाला. एरियन ४ साठी लिहिलेला प्रोग्रॅम त्यात तसाच घेतला होता. उड्डाणानंतरही काही सेकंद एक गणित चालू ठेवायचे, ही जुन्या यानाची गरज होती. नव्याला तिचा उपयोग नव्हता. नव्याचा आडवा वेग मात्र अधिक होता. तो आकडा ठरलेल्या जागेत मावला नाही. आणि नव्या यानाचा उड्डाणमार्ग त्या यंत्रणेच्या मागणीपत्रात घातलाच नव्हता!

सुट्टी संपण्यापूर्वी मी कार्यालयात एक शिस्त लावून घेतली. प्रत्येक नियमाला क्रमांक. बदल झाला की त्याच दिवशी तारीख, कारण आणि सांगणाऱ्याचे नाव. जुना नियम खोडायचा, पण वाचता येईल असा. प्रोग्रॅमच्या प्रत्येक चाचणीपुढे त्या नियमाचा क्रमांक. क्रमांक जुळला नाही, तर काम पूर्ण झाले असे म्हणायचे नाही.

कागदावर माझी श्रद्धा आजही आहे. फक्त आता आधी मी त्याच्यावरची तारीख पाहतो.